परतून आलेले घोडदळ



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदा आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर किंवा फार तर किमान वेतनावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कागदावर ‘घोडदळ’ एवढेच लिहून पाठविले. दुसऱ्या दिवशी चिटणीस घरी आले आणि अक्षर आपल्याला बरोबर लागले ना, अशी त्यांनी विचारणा केली. अक्षर त्यांना बरोबरच लागले होते. आम्ही इतिहासाचे पदवीधर नाही. कोणत्याच विषयाचे नाही. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही शिक्षण झाले ते नगरवाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर. परंतु घोड्याविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांला वारशाने मिळालेला आहे, कारण आमचे वडील मिरज स्टेशनवर टांगा हाकीत असत.

विषयाचे निमित्त मात्र आमच्या पुतण्याने पुरविले. हा मुलगा अकरावीत आहे आणि संगणकावर लढायांचा एक खेळ खेळतो. पडद्यावर जुन्या काळची रोमन व कार्थेजी सैन्ये उभी राहतात. भालाईत, धनुर्धर, हत्ती, घोडेस्वार अशा तुकड्या दिसतात, आणि खेळणाऱ्याने सेनापती होऊन त्यांना हुकूम सोडावयाचे असतात. एका रविवारी दुपारी तो आम्हांला बोलवावयास आला. “काका, बघा की, माझं घोडदळ सारखं मरतंय.” आम्ही खुर्ची ओढून बसलो. पहिल्या डावात त्याने सारे स्वार भालाइतांच्या भिंतीवर समोरून नेऊन आदळविले. दोन मिनिटांत तुकडी संपली. दुसऱ्या डावात त्याने बाजूने वळसा घातला, शत्रूचे घोडदळ उधळून लावले, आणि पळणाऱ्यांच्या मागे आपले सगळे स्वार पडद्याच्या पार कडेपर्यंत पिटाळले. ते तिकडे दौडत असताना इकडे त्याचे पायदळ कापले गेले. “जिंकत होतो की हो मी!” असे तो म्हणाला. आम्ही हसलो, आणि मग आमचे हसू थांबले. हा डाव आम्हीही एकदा हरलेलो आहोत, आणि तो खेळातला नव्हता. ते पुढे सांगू.

आधी घोडा म्हणजे काय ते पाहू. घोडा हे शूर जनावर आहे ही समजूत चित्रांनी आणि पुतळ्यांनी करून दिली आहे. टांगेवाल्याच्या मुलाला विचाराल तर घोडा मूळचा भित्रा. वाऱ्याने उडालेला कागद समोर आला तरी बिचकणारा. तो गर्दीत घुसतो तो गर्दी बाजूला होते म्हणून. गर्दी हलली नाही, खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि तिने भाले पुढे रोखले, तर टाच मारा नाहीतर चाबूक ओढा, घोडा पाय रोवून थांबेल किंवा बाजूला वळेल. १८१५ साली वॉटर्लूच्या मैदानावर मार्शल नेने हजारो फ्रेंच स्वार इंग्रज व त्यांच्या दोस्तांच्या पायदळी चौकोनांवर पुन्हा पुन्हा घातले. संगिनी रोखून उभे राहिलेले ते चौकोन फुटले नाहीत. घोडे त्यांच्या कडेकडेने पाण्यासारखे वाहत गेले. आमच्या पुतण्याची पहिली चूक ही नेसारख्या मुरलेल्या सेनापतीचीही चूक आहे, असे सांगून आम्ही त्याचे समाधान केले.

मग घोडदळाचा उपयोग तो काय? पायदळाच्या फळीला तोंड असते तशी पाठही असते, आणि हजारो माणसांची फळी एकदा समोर गुंतली म्हणजे तिला मागे वळता येत नाही. या पाठीपर्यंत वेळेवर पोहोचणे हेच घोडदळाचे खरे काम. वेळेवर हा शब्द महत्त्वाचा. लवकर पोहोचाल तर समोरची फळी अजून मोकळी असते, ती वळून तुमच्यावर भाले धरील. उशिरा पोहोचाल तर तोवर तुमचेच पायदळ शिल्लक राहणार नाही.

आणि वेळेवर पोहोचावयाचे तर घोड्याच्या पोटात काही असावे लागते. आमच्या घरी आधी घोड्याची चंदी मोजली जाई आणि मग घरातले पीठ. संगणकावरच्या खेळात घोड्याला हरभरा लागत नाही, खरारा लागत नाही, नालही झिजत नाही. प्रत्यक्ष इतिहासात अर्धी लढाई तबेल्यातच जिंकलेली किंवा हरलेली असते. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हे पुरते ठाऊक होते. इ. स. पू. २१८ मध्ये तो आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. पुढच्या वर्षी त्याची घोडी खरजेने बेजार झाली, तेव्हा एड्रियाटिक समुद्राच्या किनाऱ्यावर मुक्काम करून त्याने ती जुन्या मद्याने धुवून काढली आणि बरी केली. त्या मुलखात मद्याला तोटा नव्हता. त्याच हिवाळ्यात जेरूनियम येथे तळ असताना त्याने सैन्याचा मोठा भाग दाणागोटा गोळा करण्याच्या कामाला लावला, कारण त्याची सारी भिस्त घोडदळावर होती. हे आपल्याला पॉलिबियस सांगतो. हा ग्रीक इतिहासकार स्वतः आपल्या राज्यसंघाच्या घोडदळाचा अधिकारी होता, म्हणून घोड्यांच्या बाबतीत त्याचा शब्द आम्ही इतरांपेक्षा अधिक मानतो.

आता कॅनीची लढाई. इ. स. पू. २१६, ऑगस्ट महिना. स्थळ दक्षिण इटलीतील अपुलिया प्रांत, ऑफिडस नदीचा काठ. पॉलिबियसच्या हिशेबाने रोमनांचे पायदळ सुमारे ८०,००० आणि स्वार ६,०००च्या वर. हॅनिबलचे पायदळ ४०,०००च्या थोडे वर, पण स्वार १०,०००. म्हणजे पायदळात तो निम्मा होता आणि घोडदळात जवळजवळ दीडपट. रोमन सैन्यात दोन कॉन्सल होते, एमिलियस पॉलस आणि टेरेन्शियस व्हॅरो. ते एकेक दिवस आळीपाळीने हुकमत चालवीत. लढाईचा दिवस व्हॅरोचा होता.

रोमनांनी आपले नागरिक स्वार उजव्या बगलेला, नदी आणि पायदळ यांच्यामधल्या अरुंद पट्टीत उभे केले, आणि दोस्त राज्यांचे स्वार डाव्या बगलेला. मध्ये पायदळाची नेहमीपेक्षा खोल रास. हॅनिबलने मध्यभागी गॉल व स्पॅनिश पायदळ बाहेर फुगलेल्या कमानीसारखे मांडले आणि कमानीच्या दोन्ही टोकांना आपले आफ्रिकी लोक ठेवले. नदीच्या बाजूला त्याचे स्पॅनिश व गॉल स्वार होते, त्यांचा नायक हास्द्रुबाल. दुसऱ्या बगलेला न्यूमिडियन स्वार होते. आजच्या अल्जीरिया-ट्युनिशियाकडचे हे लोक. लगामाशिवाय घोडा चालविणारे, अंगावर चिलखत नाही, हातात फेकावयाचे भाले.

मध्यभागी काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. रोमन पायदळ पुढे रेटत गेले, कमान आत दबली, आणि टोकांचे आफ्रिकी लोक दोन्हींकडून आत वळले. शाळेच्या पुस्तकांत एवढेच चित्र असते. पण पिशवीचे तोंड बांधल्याशिवाय पिशवी होत नाही, आणि ते तोंड कोणी बांधले हा आमचा विषय आहे.

नदीकाठच्या पट्टीत हास्द्रुबालने रोमन स्वारांवर चाल केली. तेथे वळसा घेण्यास, मागे येऊन पुन्हा धावण्यास जागाच नव्हती. माणसे घोड्यांवरून उतरून एकमेकांना भिडली. रोमन स्वार मोडले, बहुतेक मारले गेले, उरलेले नदीकाठाने पळत सुटले. येथे क्षणभर थांबून त्या स्वारांच्या मनात डोकवावे. समोर शत्रू पाठ दाखवून पळतो आहे. हे रोमन स्वार म्हणजे रोममधील धनिकांचे पुत्र. त्यांच्या बोटांत सोन्याच्या अंगठ्या. गॉल आणि स्पॅनिश लोक पैशासाठी लढणारे. अशा वेळी पाठलाग सोडून मागे फिरा असे सांगणारा माणूस कोण असेल?

हास्द्रुबालने ते सांगितले, आणि त्याच्या लोकांनी ते ऐकले. त्याने आपले स्वार आवरले आणि सबंध रोमन सैन्याच्या मागून ते पलीकडच्या बगलेला नेले. तेथे न्यूमिडियन लोकांनी दोस्त स्वारांना नुसते खेळवीत ठेवले होते. ते फारसे मारीत नव्हते आणि फारसे मरतही नव्हते. पण त्या स्वारांना दुसरे काही करूही देत नव्हते. मागून हास्द्रुबाल येतो आहे असे दिसताच दोस्त स्वार अंगाला अंग न लागताच पळाले. पुन्हा तोच मोह. आणि येथे त्याने जे केले त्याची पॉलिबियसने मुद्दाम वाहवा केली आहे. न्यूमिडियन स्वार पुष्कळ होते आणि पळत्या शत्रूच्या मागे त्यांच्याइतके तरबेज कोणी नव्हते. म्हणून पाठलागाचे काम त्याने त्यांच्यावर सोपविले आणि स्वतः आपले जड घोडदळ घेऊन रोमन पायदळाच्या पाठीवर आला. तेथेही एकाच ठिकाणी धडकून तो रुतून बसला नाही. निरनिराळ्या जागी घाव, माघार, पुन्हा घाव. पिशवीचे तोंड बांधले गेले. त्या दिवशी मेलेल्या रोमनांची संख्या लिव्ही ४७,०००च्या वर देतो, पॉलिबियस ७०,०००च्या आसपास. कोणताही आकडा घ्या, एका दिवसासाठी तो भयंकरच आहे.

हा हास्द्रुबाल म्हणजे हॅनिबलचा त्याच नावाचा भाऊ नव्हे. भाऊ त्या वेळी स्पेनमध्ये होता. याच्याविषयी फारच थोडी माहिती आहे. मात्र आदल्या वर्षीच्या हकिगतीत पॉलिबियस एका हास्द्रुबालचा उल्लेख सैन्यातील चाकरी-कामांचा प्रमुख म्हणून करतो, आणि अभ्यासक सामान्यतः तोच हा असे धरून चालतात. हॅनिबल फालर्नमच्या खोऱ्यात कोंडला गेला असता रात्री बैलांच्या शिंगांना पेटते पलिते बांधून शत्रूला चकविण्याची कामगिरी याच्याकडे होती. आपल्याकडे कात्रजच्या घाटाची अशीच गोष्ट सांगतात. लाकडे फोडणारे, बैल हाकणारे, ओझी वाहणारे यांच्याकडून काम करून घेणारा हा माणूस. हजार हातांना एका वेळी एका कामाला लावणे आणि एका वेळी थांबविणे त्याला येत होते. त्याचे घोडदळ परत फिरले यात आम्हांला तरी नवल वाटत नाही.

परत न फिरलेल्या घोडदळाच्या गोष्टी इतिहासात पुष्कळ आहेत. कॅनीच्या आदल्याच वर्षी, म्हणजे इ. स. पू. २१७ मध्ये, रॅफिया येथे (हे आजच्या गाझाजवळचे रफाह) सीरियाचा राजा तिसरा अँटिओकस आणि इजिप्तचा राजा चौथा टॉलेमी यांची लढाई झाली. अँटिओकस चोविशीच्या आसपासचा तरुण. उजव्या बगलेला त्याने समोरचे स्वार उधळले आणि स्वतः त्यांच्या पाठीस लागला. लढाई सर्वत्र जिंकली असेच त्याने धरले होते. अखेर एका वयस्क सोबत्याने त्याला धूळ दाखविली. मधल्या पायदळाची धूळ पुढे सरकत नव्हती, ती त्याच्याच छावणीकडे सरकत होती. तो वळला, पण फार उशिरा. पुढे १६४५ मध्ये इंग्लंडच्या यादवी युद्धात नेझ्बीला राजाचा भाचा रूपर्ट याने समोरची बगल फोडली आणि त्याचे स्वार थेट शत्रूच्या सामानाच्या गाड्यांपर्यंत गेले. दुसऱ्या बगलेला क्रॉम्वेलनेही समोरचे स्वार फोडले. पण त्याने थोडे लोक पाठलागावर सोडून बाकीचे वळविले आणि राजाच्या पायदळावर घातले. रूपर्ट परत आला तेव्हा वाचविण्याजोगे पायदळ उरले नव्हते. शौर्यात रूपर्टचे स्वार कमी नव्हते. राजाच्या पक्षाच्या क्लॅरेंडननेच लिहून ठेवले आहे की, आमचे स्वार एकदा धावले म्हणजे पुन्हा गोळा होत नसत, क्रॉम्वेलचे होत.

आमची गोष्ट एवढी मोठी नाही. वीसएक वर्षांपूर्वी एका औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात संप होता. अकरावा दिवस. फाटकावर आमचे सातशे लोक पाळीपाळीने बसत. त्या सकाळी कंत्राटी माणसांनी भरलेला एक टेम्पो रस्त्यावर दिसला, आम्हांला पाहून थबकला आणि उलटा वळून महामार्गाकडे पळाला. आमच्या पोरांनी मोटारसायकली काढल्या. शे-सव्वाशे गाड्या असतील. त्यांना आवरणे हे आमचे काम होते. आम्ही आवरले तर नाहीच, पहिल्या गाडीवर मागे आम्हीच बसलो होतो. टेम्पो आठ-दहा किलोमीटरवर गाठला, माणसे खाली उतरविली, घोषणा झाल्या. विजयाची ती वीस मिनिटे आजही आम्हांला आठवतात. परत आलो तो मागल्या फाटकाने तीन बसगाड्या आत गेलेल्या होत्या आणि पुढच्या फाटकावर आमचे साठीच्या आसपासचे चाळीसजण पोलिसांच्या कड्यात बसलेले. त्यांच्यात एक वृद्ध फिटर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. ते आम्हांला रागावले नाहीत. “साहेब, धूळ तरी बघायची हुती,” एवढेच म्हणाले. मामांनी रॅफियाचे नावही ऐकले नव्हते आणि आम्हीही त्या वेळी पॉलिबियस वाचलेला नव्हता.

संप चार दिवसांनी मोडला. कामावर परत घेताना मालकांनी अडतीसजणांच्या सेवेत खंड पाडला. ज्यांना सेवेत खंड म्हणजे काय हे ठाऊक नसेल त्यांना सांगतो: माणूस कामावर राहतो, पण मागची वर्षे मोजली जात नाहीत. मामांची सव्वीस वर्षे गेली. कॅनीच्या गोष्टीचा पुढचा भाग आम्हांला जो लागला तो यामुळे.

मध्ये पानिपताविषयी चार वाक्ये बोललो नाही तर श्रोते आम्हांला सोडणार नाहीत. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईत अब्दालीने राखीव ताजी फौज दुपारपर्यंत हाताशी धरून ठेवली आणि मग ती घातली, हे प्रसिद्धच आहे. आम्ही त्याच्याही मागे जाऊ. आदल्या नोव्हेंबरपासून मराठी छावणी कोंडलेली होती. वैरण नव्हती, दाणा नव्हता. घोडी तळावरच मरत होती आणि उरलेली उपाशी होती. शिलेदार म्हणजे स्वतःचे घोडे आणून चाकरी करणारा. घोडे मेले की त्याची चाकरीही मेली. बारगिराच्या अंगाखाली सरकारी घोडे असते. शिवाजी महाराजांच्या पागेची रचना सभासदाने दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. या यादीतले शेवटचे दोघे आम्हांला फार महत्त्वाचे वाटतात. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा यांची गणती सेनापतींबरोबर एकाच यादीत केलेली आहे.

पुन्हा रोमकडे. कॅनीहून जे हजारो लोक जिवंत सुटले त्यांचे काय झाले? सेनापती व्हॅरो मूठभर स्वारांनिशी निसटला होता. तो रोमला परतला तेव्हा सर्व थरांतील लोक त्याला सामोरे गेले आणि त्याने राज्याविषयी निराशा धरली नाही म्हणून त्याचे आभार मानले गेले. शिपायांना मात्र युद्ध संपेपर्यंत इटलीत पाऊल टाकावयाचे नाही या शिक्षेवर सिसिली बेटात धाडण्यात आले. स्वारांची शिक्षा इ. स. पू. २०९ मध्ये आणखी वाढविली. रोममध्ये निवडक स्वारांना घोडा सरकारातून मिळत असे. जनगणनेच्या अधिकाऱ्यांनी सिसिलीतल्या या स्वारांचे सरकारी घोडे काढून घेतले, त्या घोड्यांवर केलेली आजवरची चाकरी जमेस धरू नये असे ठरविले, आणि पुढे दहा मोहिमा स्वतःच्या घोड्यावर करण्याचा हुकूम दिला. लिव्हीचे हे पान आम्ही वाचनालयात वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर कठड्याशी जाऊन उभे राहिलो.

इ. स. पू. २०४ मध्ये सिपिओने आफ्रिकेवर स्वारी केली तेव्हा सिसिलीतल्या याच शिक्षा भोगणाऱ्या पलटणी त्याने बरोबर घेतल्या. त्याला माहीत होते की कॅनीला लढाई हरली ती यांच्या भित्रेपणाने नव्हे, आणि एवढी वर्षे लढलेले शिपाई दुसरीकडे मिळावयाचे नव्हते. शेवटची लढाई झामा येथे इ. स. पू. २०२ मध्ये झाली. समोर हॅनिबल, पण आता पारडे फिरलेले. न्यूमिडियन राजपुत्र मॅसिनिसा, जो पूर्वी स्पेनमध्ये कार्थेजच्या बाजूने लढत असे, तो ४,००० स्वार घेऊन रोमनांना मिळाला होता. हॅनिबलकडे ऐंशीच्या वर हत्ती होते, पण घोडदळ दुबळे. लढाईच्या आरंभीच मॅसिनिसाने एका बगलेला आणि लीलियसने दुसऱ्या बगलेला कार्थेजी स्वार उधळले, आणि दोघेही त्यांच्या पाठीवर मैदानाबाहेर निघून गेले. रोमनांना दूर ओढून नेण्यासाठी हॅनिबलनेच आपल्या स्वारांना पळावयास सांगितले असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. त्याच्या स्वभावाला ते शोभून दिसते.

मग पायदळ पायदळाशी भिडले. हॅनिबलच्या तिसऱ्या रांगेत इटलीतून परत आलेले त्याचे जुने लोक होते. समोर सिपिओच्या रांगांत कॅनीतून वाचलेले. दोन्हींकडे सारखी संख्या, सारखी हत्यारे, सारखी जिद्द. कोणीच मागे हटेना. या वेळी सर्व काही एका गोष्टीवर येऊन ठेपले होते: गेलेले घोडदळ परत येते की नाही. ते आले. मॅसिनिसा आणि लीलियस पाठलाग सोडून वळले आणि हॅनिबलच्या जुन्या लोकांच्या पाठीवर पडले. त्यांच्यापैकी बहुतेक जागेवरच, रांगेतच मारले गेले. पॉलिबियस कार्थेजचे २०,०००च्या वर मेले असे सांगतो, रोमनांचे १,५००हून अधिक. पॉलिबियसने मॅसिनिसाला त्याच्या म्हातारपणी प्रत्यक्ष पाहिले होते. नव्वदीपर्यंत जगलेला हा राजा वृद्धपणीही दिवस-रात्र घोड्यावर बसून राहू शके, असे तो लिहितो.

युद्ध संपल्यावर सिपिओच्या शिपायांना जमिनी देण्याचे रोमच्या सिनेटने ठरविले. सॅम्नियम आणि अपुलिया या प्रांतांतील सरकारी जमीन मोजण्यासाठी दहा अधिकारी नेमले; म्हणजे कॅनीचे मैदान ज्या प्रांतात आहे त्याच प्रांतात. चाकरीच्या दर वर्षामागे दोन युगेरा, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सव्वा एकर. मोजावयाची वर्षे कोणती तेही ठरावात लिहिले होते: स्पेनमधील आणि आफ्रिकेतील. सिसिलीतली वर्षे त्यात नव्हती.